जुनं ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आऊटबोर्ड मशीन) घ्यायचंय: १५ एचपी, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? (तळाशील, मालवण)

तळाशीलकर

नमस्कार मंडळी. आमची १८ फुटी फायबरची होडी आहे. गड नदीच्या खाडीत आणि सर्जेकोटच्या मुखातून बाहेर, किनाऱ्याच्या जवळजवळच जाळं टाकतो. बाबा आणि मी दोघेच असतो, जाळं मोठं असेल तर तिसरा माणूस. आतापर्यंत ८ एचपीचं टू स्ट्रोक मशीन होतं. ते आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. नवीन परवडत नाही, एक लाखाच्या आत जुनं बघतोय.

दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. देवगडला एक १५ एचपी टू स्ट्रोक आहे, फोटोत एकदम नव्यासारखं दिसतंय. वेंगुर्ल्याच्या बाजूला दुसरं, यामाहाचं १५, टू स्ट्रोकच, वरचं झाकण फुटून फायबरने जोडलेलं. एक मित्र म्हणतो टू स्ट्रोक घेऊच नको, थोडे पैसे घाल आणि जुनं फोर स्ट्रोक बघ. दुसरा म्हणतो थेट ४० घे, मुखाशी लाट फुटते तेव्हा ताकद लागते. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आत घ्यायचंय. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू?

चापोरा_किनारा

मी गोव्यात फिशिंग आणि डॉल्फिनवाल्या पर्यटकांसाठी बोटी चालवतो. माझं मत सरळ आहे: फोर स्ट्रोक. १५ एचपीचं टू स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला सहा-सात लिटर पेट्रोल पितं, वर ऑइल वेगळं. फोर स्ट्रोक त्याच कामाला पाच-साडेपाचात भागवतं आणि मंद चालीवर तर फरक आणखी वाढतो. दिवसाला तीन-चार तास मशीन चालत असेल तर एका हंगामात किती वाचतात ते मांडून बघा. आवाज नाही, धूर नाही.

सर्जेकोटचो

रे बाबा, टू की फोर ह्या मागसून. पयलो प्रश्न ह्यो की समुद्रात बंद पडला तर दुरुस्त करतलो कोण? ज्या मशीनचे पार्ट मालवणात गावतत, ज्येका हात लावणारो मेस्त्री बंदरार आसा, ताच मशीन घे. इम्पेलरसाठी (पंपातली पाणी ओढणारी रबरी पाती) आठ दीस थांबाचा लागला तर हंगाम खय गेलो?

आणि बघूक जातास तेव्हा आधी फोन करून 'येतंय' म्हणून सांगा नको. गरम करून ठेवलेला मशीन पयल्या दोरीक चालू होताच.

मिरकरवाडा_मेकॅनिक

सर्जेकोटवाल्या भाऊंचं शेवटचं वाक्य आधी पाठ करा. पोचल्या पोचल्या झाकण काढून ब्लॉकवर हात ठेवायचा. कोमट लागला तर त्या दिवशी तपासणी करू नका, गप्पा मारा, दोन तासांनी परत या. थंड मशीन चोक ओढून दोन-तीन दोऱ्यांत लागलं पाहिजे.

आता नीट लिहितो. बरेच जण विचारतात आणि दरवेळी अर्धवट सांगितलं जातं.

पहिलं गियर ऑइल. लोअर युनिटला (मशीनचा पाण्यात राहणारा, गियरचा खालचा भाग) दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. मशीन रात्रभर उभं असेल तर खालचा स्क्रू हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. आत पाणी शिरलेलं असेल तर ते तळाला बसलेलं असतं, त्यामुळे ऑइलच्या आधी पाण्याचे थेंब येतात. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलेत. आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा तंगूस. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेला नायलॉनचा धागा शाफ्टवर गुंडाळत आत सरकतो आणि सील कापतो. म्हणून पंखा उतरवून शाफ्टच्या मुळाशी बघायचंच, तिथे हिरवा-निळा धागा वितळून चिकटलेला दिसेल. खालच्या स्क्रूला बऱ्याच मॉडेलमध्ये चुंबक असतं. त्याच्यावर राखाडी लोण्यासारखा थर असेल तर चालतो, बोटांना टोचणारे कण लागले तर गियर किंवा बेअरिंग सुटतंय.

विकणारा आदल्या दिवशी ऑइल बदलून ठेवू शकतो. ताजं, स्वच्छ ऑइल निघालं तर खूश होऊ नका. अर्धा तास पाण्यात चालवा, तासभर उभं ठेवा, मग पुन्हा तोच स्क्रू सैल करा.

दुसरं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब. गेज सोबत न्या, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला न्या. मशीन गरम हवं, दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा, नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. किल स्विचची क्लिपही काढून ठेवा. काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे 'शंभर म्हणजे चांगलं' असं काही नसतं. दोन सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एक ११५ आणि दुसरं ८५ दाखवत असेल तर त्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर ओरखडे आहेत किंवा रिंग चिकटल्यात. म्हणजे मशीन कधीतरी कमी ऑइलवर किंवा पाण्याविना तापलेलं आहे. हेडजवळचा रंग फुगलाय का, तपकिरी झालाय का तेही बघा. रंग खोटं बोलत नाही, फक्त वरून नवा मारलेला नसावा.

तिसरं मशीन थंड ठेवणारं पाणी. मागून बारीक धार येते तिच्यावर सगळे समाधान मानतात. ती धार एवढंच सांगते की पंप पाणी उचलतोय. ब्लॉकच्या आतल्या वाटा मिठाने भरल्या असतील तरी धार येऊ शकते. दहा मिनिटं चालवल्यावर हेडवर पाण्याचे थेंब टाका. चर्र करून उडाले तर मशीन तापतंय. इम्पेलर जुना आहे असं धरूनच चला, तो तसाही बदलायचाय. सर्जेकोटच्या मुखाशी वाळू उडते, ती इम्पेलर आणि त्याखालची पत्र्याची प्लेट दोन्ही खाते. बदलताना प्लेट आणि चावीसकट सगळा संच बदला.

चौथं गियर. पिंपात मशीन लावून पुढे-मागे गियर टाकून काही कळत नाही. भार आला की मगच घासलेला क्लच उडी मारतो. होडीवर लावून पुढच्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. मध्येच 'खट्' होऊन सुटलं आणि पुन्हा बसलं, की व्यवहार तिथेच संपवा.

उरलेलं वरवर बघितलं तरी पुरे: ब्रॅकेटला चीर, अडकलेले क्लँप, न वळणारा स्विव्हल (मशीन डावी-उजवीकडे वळतं तो सांधा), खाऊन संपलेले झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे). शाफ्टची लांबी मात्र मोजा. होडीच्या मागच्या फळीची मधोमध उंची किती आहे?

रेवदंडा_खाडी

एक भर घालतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते. आमच्याकडे रायगडात आणि तुमच्याकडे सिंधुदुर्गातही होड्या बुडाल्या, त्यांच्यासोबत मशीन बुडाली. त्यातली काही तेव्हाच धुऊन, उघडून नीट केलेली आहेत, ती आजही चालतात. पण काही नुसती रंगवून विकली गेली. खाऱ्या पाण्यात बुडालेलं मशीन लगेच गोड्या पाण्याने धुऊन चालू केलं नाही तर क्रँकच्या बेअरिंगवर खड्डे पडतात. ते दिसत नाहीत, वर्षभराने आवाज करायला लागतात.

ओळखायचं कसं: रिकॉइलचं (ओढायच्या दोरीच्या यंत्रणेचं) झाकण उघडून फ्लायव्हीलच्या खाली टॉर्च मारा. कॉइलच्या मागे, वायरिंगच्या जोडांत पांढरी भुकटी किंवा वाळलेला चिखल सापडतो. रंग मारणारा तिथे पोचत नाही. सगळे बोल्ट नवे कोरे दिसत असतील तर का बदलले ते विचारा. आणि उलट, बोल्टच्या डोक्यावर कंपनीचा मूळ रंग न तुटता असेल तर ते मशीन तिथे कधी उघडलेलं नाही.

नंबराची पट्टी ब्रॅकेटवर असते. तिचे रिव्हेट उकरलेले दिसले तर हात लावू नका. खाडीतून मशीन चोरीला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. होडीच्या नोंदणीत मशीनची माहिती असते, विकणाऱ्याच्या कागदावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर जुळवा आणि लेखी विक्रीपत्र घ्या. पुढे विमा असो की मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडची नोंद, तोच कागद लागतो.

तळाशीलकर

मेकॅनिकदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. फळी मोजली: मशीन बसतं त्या खाचेत १६ इंच, बाजूला २१. ४० एचपीबद्दल कोणी बोललं नाही.

मिरकरवाडा_मेकॅनिक

१६ म्हणजे शॉर्ट शाफ्टची फळी. शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच हा हिशोब. मशीनवर मोजताना क्लँप जिथे फळीवर बसतो तिथून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजायचं. ती पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. फार वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो, फार खाली गेली तर होडीला मागे ओढते आणि खाडीत वाळूला घासते.

४० तुम्हाला नको. ते ७० किलोच्या पुढे जातं आणि तुमच्या होडीची मागची बाजू त्या वजनासाठी बांधलेली नाही. शिवाय पाणी कापत चालणाऱ्या होडीला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी साडेसोळा फूट धरली तर पाच-साडेपाच नॉट. त्यापुढे होडी पाण्यावर उचलली गेली तरच वेग वाढतो. दोन-तीन माणसं, जाळं, बर्फ, मासे घेऊन भरलेली होडी त्या तळाने उचलली जाणार नाही, नुसतं पेट्रोल जळेल. मुखाशी लाट फुटते तिथे हात राखून ताकद हवी, हे बरोबर. ती १५ मध्ये मिळते. ८ वर तुम्ही इतकी वर्षं काढलीतच.

चापोरा_किनारा

४० नको याला दुजोरा. पण टू-फोरचा मुद्दा सोडू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या टू स्ट्रोकचे कार्ब्युरेटर, डायफ्राम, रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत.

मिरकरवाडा_मेकॅनिक

जुनं फोर स्ट्रोकही त्याच्यासाठी बनलेलं नाही, त्यालाही कार्ब्युरेटर आहे. उलट त्याची जेट आणखी बारीक. इथेनॉलचा खरा त्रास उभ्या मशीनला होतो. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी वाढलं की ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाला बसतं आणि नळी तळातूनच ओढते. म्हणून टाकीत महिनाभराचं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ठेवू नका, तीन-चार दिवसांपुरतंच बनवा. नळी आणि हातपंपाचा रबरी गोळा दोन्ही नवीन घ्या. पाणी वेगळं करणारा फिल्टर मध्ये बसवा, काच किंवा पारदर्शक वाटीचा असेल तर उत्तम. पावसाळ्यात मशीन ठेवताना कार्ब्युरेटरचा ड्रेन स्क्रू उघडून वाटी कोरडी करा.

फोर स्ट्रोकचे फायदे मलाही मान्य आहेत. चापोरावाले रोज, बारा महिन्यांपैकी आठ महिने, ठरावीक चालीवर चालवतात, सर्व्हिसला माणूस आहे. त्यांना तेच योग्य. पण एक लाखाच्या आत मिळणारं जुनं १५ फोर स्ट्रोक बहुतेक वेळा कोणीतरी कंटाळून काढलेलं असतं. वजन ५० किलोच्या आसपास, टू स्ट्रोक ४० च्या. रोज संध्याकाळी मशीन खांद्यावर घेऊन वाळूतून घरी नेत असाल तर हे दहा किलो कळतात. शिवाय फोर स्ट्रोक चुकीच्या कुशीवर आडवं टाकलं की ऑइल सिलिंडरमध्ये जातं.

वहिनी_देवबाग

आमच्या घरात दोन्ही आहेत म्हणून लिहिते. फोर स्ट्रोकचा आवाज कमी हे खरंच मोठं सुख आहे, ह्यांचे कान टू स्ट्रोकने गेलेत. पण मशीन कुठलंही घ्या, रोज गोड्या पाण्याने फ्लश करा. आमच्याकडे पाण्याची बोंब असते तरी आम्ही पिंपभर पाणी त्यासाठी राखतो. मशीन पिंपात उभं करायचं आणि पाच-दहा मिनिटं न्यूट्रलवर चालवायचं. मिठाचं पाणी आत सुकू द्यायचं नाही.

ऑइलचंही सांगते. मोटारसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून वापरतात. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं आहे. आऊटबोर्ड पाण्याने थंड होतं, त्यात त्या ऑइलची राख साठते, प्लग आणि रिंग चिकटतात. डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलंच घ्या.

तळाशीलकर

काल दोन्ही बघून आलो.

देवगडचं: ब्लॉक थंड होता, दुसऱ्या दोरीला लागलं. रंग चकाचक. गियर ऑइल स्वच्छ. मी खूश झालो होतो, पण रेवदंडावाल्यांचं ऐकून रिकॉइल उघडायला लावलं. विकणारा नको म्हणत होता. फ्लायव्हीलखाली कॉइलच्या मागच्या कोपऱ्यात पांढरा थर, आणि वायरिंगच्या प्लगमध्ये हिरवं जंग. पट्टीवरचे रिव्हेट वेगवेगळ्या आकाराचे. कागद 'घरी आहेत'. परत फिरलो.

वेंगुर्ल्याचं: झाकण फुटकं, रंग उडालेला, पण बोल्टवर मूळ रंग. कॉम्प्रेशन ११२ आणि १०८. गियर ऑइल काळपट, पाणी नाही, चुंबकावर थोडा मऊ थर. पंख्यामागे तंगूस होता पण सीलपर्यंत गेला नव्हता. खाडीत त्यांच्याच होडीवर चालवलं, पुढच्या गियरमध्ये कुठेही उडी नाही. धार जरा बारीक. एक क्लँप जाम. कागद जुळतात. मालक ९२ हजार सांगतो. एकच अडचण: शाफ्ट लाँग आहे, २० इंची. माझी खाच १६ ची.

सर्जेकोटचो

मशीन चांगला आसा ता घे. खाच भरून काढ. तुझी होडी मागसून लाट घेता काय नाय? खाच बंद झाली तर तुकाच बरा.

चापोरा_किनारा

सांभाळून. फळी चार इंच वर गेली की मशीनचा रेटा लांबच्या टोकाला येतो, तरफेसारखा. नुसता लाकडाचा ठोकळा ठेवून वर क्लँप आवळलात तर पहिल्या मोठ्या लाटेला ठोकळ्यासकट मशीन पाण्यात.

मिरकरवाडा_मेकॅनिक

दोघांचंही बरोबर. मी हे काम होड्यांवर करून घेतलंय. ठोकळा ठेवायचा नाही, खाचच बंद करायची. जुना फायबर घासून आतलं लाकूड उघडं करा. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, मऊ लागलं तर आतली फळी कुजलीय आणि मग पूर्ण फळीच बदलावी लागेल, मशीन कुठलंही घेतलं तरी. कडक असेल तर मरीन प्लायचा तुकडा बरोबर बसवून आतून-बाहेरून फायबरचे थर चढवा, थर जुन्या फळीवर हातभर खाली आणि दोन्ही बाजूंना उतरले पाहिजेत. आतून तळापासून फळीपर्यंत दोन तिकोनी आधार द्या, मशीनच्या डाव्या-उजव्या अंगाला. उंची २० च करा. तुमच्या बाजूच्या कडा २१ आहेत, म्हणजे फळी जवळजवळ सरळ होईल.

मुखातून आत येताना मागून लाट चढते तेव्हा पाणी याच खाचेतून होडीत येतं. माझ्या मते लाँग शाफ्ट ही तुमच्यासाठी अडचण नाही. खाडीत उथळ पाण्यात आल्यावर मशीन टिल्ट करून उथळ पाण्याच्या खुंटीवर ठेवायची सवय मात्र लावा.

भावात इम्पेलरचा संच, क्लँपचा स्क्रू, नळ्या, सगळं धरून बोला. धार बारीक आहे म्हणजे थर्मोस्टॅट उघडून आतलं मीठही काढावं लागेल.

तळाशीलकर

८४ हजारांत घेतलं. फळी टोचून बघितली, कडक होती. आमच्याच वाडीतल्या फायबरवाल्याने काम केलं, दोन तिकोनी आधारांसह. इम्पेलर काढला तर दोन पाती कायमची वाकलेली होती. थर्मोस्टॅटच्या घरात मिठाचा खडा निघाला, हरभऱ्याएवढा. आता धार जोरात येते आणि दहा मिनिटांनी हेडवर थेंब उडत नाहीत.

काल दोघे आणि जाळं घेऊन बाहेर गेलो. होडी छान चालते, मुखात फुटणाऱ्या लाटेतही पंख्याने हवा खाल्ली नाही. पण पूर्ण थ्रॉटलला मशीन जड वाटतं, घुसमटल्यासारखं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर (मिनिटाच्या फेऱ्या, म्हणजे आरपीएम, मोजणारं) लावलं तर ४,२०० च्या वर जात नाही.

मिरकरवाडा_मेकॅनिक

पंख्यावर व्यास आणि पिचचे आकडे कोरलेले असतात, पिच (एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल ते) किती आहे? आधीच्या मालकाची होडी हलकी असणार.

तळाशीलकर

सव्वानऊ गुणिले ११.

मिरकरवाडा_मेकॅनिक

तेच कारण. मॅन्युअलमध्ये या मशीनला पूर्ण थ्रॉटलला ४,५०० ते ५,५०० लिहिलंय. एक इंच पिच कमी केली की साधारण दीड-दोनशे आरपीएम वाढतात. ९ पिचचा पंखा लावा. भरलेल्या होडीला ४,५०० च्या खाली दाबून चालवत राहिलात तर कार्बन धरेल आणि पिस्टन तापेल. ११ चा पंखा फेकू नका, होडीत ठेवा, कॉटर पिन दोन जास्तीच्या. खडकाला लागला तर समुद्रातच बदलता येतो.

वहिनी_देवबाग

आणि बंदीच्या आधी नोंदणीत नवीन मशीनचा नंबर चढवून घ्या. नारळी पौर्णिमेनंतर कार्यालयात सगळी गर्दी एकदम होते.

तळाशीलकर

हो वहिनी, अर्ज केलाय. ९ चा पंखा मालवणातच मिळाला. तिघे बसून, बर्फ भरून ४,६५० दाखवतंय.